डॅशबोर्डवरची बाई: एका स्वस्त जीपीएस डब्याचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळले तिथे वाक्यं सरळ केलीत, बाकी तसंच ठेवलंय.

तर, १६ जून २०२५, सोमवार. सकाळी सव्वाआठला कोथरूडमधून हिंजवडीला ऑफिसला निघताना मी फोन पर्समध्ये ठेवला आणि गाडीच्या काचेला एक जुना काळा डबा चिकटवला. साडेतीन इंचांचा स्क्रीन, मागे प्लॅस्टिकची चकती, लायटरच्या सॉकेटमध्ये जाणारी वायर. आईबाबांनी कराडचं घर आवरलं, तेव्हा बाबांच्या टेबलाच्या खणात तो सापडला. बाबांनी २०१० मध्ये घेतलेला जीपीएस नेव्हिगेटर. त्या कंपनीचं त्यातल्या त्यात स्वस्त मॉडेल, आठ हजारांच्या आसपास.

वायर लावली, डबा चालू झाला, आणि कोपऱ्यात तारीख आली: ३१ ऑक्टोबर २००५, सोमवार.

वार बरोबर, तारीख वीस वर्षं मागे. मी तशीच पार्किंगमध्ये हसत बसले, कारण ही चूक कुठून येते ते मला माहीत होतं. आजचा एपिसोड त्या चुकीबद्दल आहे, आणि आणखी एका चुकीबद्दल, जिचा राग मी बाबांवर दहा वर्षं काढला.

तारीख का चुकली?

जीपीएसचे उपग्रह आपल्याला तारीख सांगत नाहीत. ते आठवड्याचा नंबर सांगतात. ६ जानेवारी १९८० पासून मोजायला सुरुवात केली: आठवडा शून्य, एक, दोन. हा नंबर साठवायला जुन्या सिग्नलमध्ये फक्त दहा बिट ठेवलेत. दहा बिटांत १०२४ आकडे बसतात. १०२३ झालं की परत शून्य, गाडीच्या किलोमीटरच्या मीटरसारखं. पहिला फेरा ऑगस्ट १९९९ मध्ये संपला, दुसरा एप्रिल २०१९ मध्ये, तिसरा नोव्हेंबर २०३८ मध्ये संपेल.

बाबांच्या डब्यातलं सॉफ्टवेअर दुसऱ्या फेऱ्यातच राहिलंय. म्हणून ते १०२४ आठवडे मागचं बोलतंय. चूक पूर्ण आठवड्यांची आहे, त्यामुळे वार मात्र दर वेळी बरोबर येतो. आपण म्हणतो ना, बंद पडलेलं घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं. हे त्याहून हुशार निघालं.

याची एक गंमत संध्याकाळी कळली. सहा वाजून गेले, बाहेर चांगला उजेड, आणि डब्याचा स्क्रीन एकदम काळा. बिघडला वाटलं. पण तो रात्रीच्या मोडमध्ये गेला होता. त्याच्या हिशोबाने ऑक्टोबर संपतोय, पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळला. जूनमध्ये मावळायला सात वाजून जातात, हे त्याला कोण सांगणार?

पण आता मुद्द्याचं ऐका. तारीख वीस वर्षं चुकलेल्या या डब्याने मी कुठे उभी आहे ते मात्र बिनचूक सांगितलं. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी, रस्त्याच्या डाव्या बाजूला.

आकाशातला अर्धा भाग

ही जागा सांगण्याची विद्या कुठून आली? सुरुवात ४ ऑक्टोबर १९५७ ला झाली. सोव्हिएत रशियाने स्पुतनिक सोडला, आणि तो पृथ्वीभोवती बीप बीप करत फिरायला लागला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण संशोधक ते बीप ऐकत बसले. ॲम्ब्युलन्स जवळ येताना सायरन चढा ऐकू येतो आणि लांब जाताना उतरतो, तसाच फरक त्या बीपमध्ये पडत होता. त्या फरकावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली.

मग त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी प्रश्न उलटा केला. जमिनीवरची जागा माहीत असेल तर उपग्रह कुठे आहे ते कळतं. मग उपग्रह कुठे आहे ते माहीत असेल तर जमिनीवरची आपली जागा कळेल की! यातून अमेरिकन नौदलाची ट्रान्झिट नावाची व्यवस्था उभी राहिली. समुद्रात पाणबुड्यांना आपला पत्ता कळावा म्हणून.

जीपीएसची आखणी १९७३ मध्ये झाली, ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांच्या नेतृत्वाखाली. पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये गेला. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि दिवसातून दोनदा पृथ्वीला फेरी मारतात. प्रत्येकात अणुघड्याळ. प्रत्येक उपग्रह सतत एकच गोष्ट सांगतो: मी अमका, इथे आहे, आणि आत्ता इतके वाजलेत.

वीज चमकली की लहानपणी आपण एक, दोन, तीन मोजायचो, आठवतंय? गडगडाट किती उशिरा आला त्यावरून वीज किती लांब पडली ते ठरवायचो. डबा हेच करतो. सिग्नलला खाली यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. त्या वेळावरून अंतर. तीन अंतरं मिळाली की जागा मिळायला हवी, पण डब्यातलं घड्याळ स्वस्तातलं असतं, त्यावर भरवसा नाही. म्हणून चौथा उपग्रह लागतो, घड्याळाची चूक काढायला.

यात आइन्स्टाइनही आहेत बरं का. वरची घड्याळं खालच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. एवढीशी चूक तशीच सोडली तर एका दिवसात जागा दहा किलोमीटरहून जास्त सरकेल. म्हणून ती आधीच हिशोबात धरलेली असते. आठ हजारांच्या डब्यात सापेक्षतावाद!

हे सगळं सैन्यासाठी होतं. सामान्य लोकांपर्यंत यायला एक भयंकर घटना कारणीभूत ठरली. १ सप्टेंबर १९८३ ला न्यू यॉर्कहून अँकरेजमार्गे सोलला जाणारं कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांत अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केलं की जीपीएस तयार झाल्यावर नागरी वापरासाठी मोकळं असेल.

मोकळं केलं, पण मुद्दाम बिघडवून. नागरी सिग्नलमध्ये अमेरिकन सैन्य जाणूनबुजून चूक मिसळायचं, त्यामुळे जागा शंभरेक मीटरपर्यंत चुकायची. समुद्रात शंभर मीटरने काही बिघडत नाही. पुण्याच्या पेठांमध्ये तुम्ही दोन गल्ल्या पलीकडे जाता. १ मे २००० च्या रात्री अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही मिसळलेली चूक बंद झाली. जगभरच्या रिसीव्हरांची अचूकता एका रात्रीत कितीतरी पटींनी सुधारली. कोणी नवं यंत्र घेतलं नाही, वरून फक्त एक बटण बंद झालं. गाडीतला स्वस्त डबा खऱ्या अर्थाने कामाचा झाला तो इथून.

आणि एक गैरसमज दूर करते, कारण मलाही कॉलेजात जाईपर्यंत तो होता. जीपीएस तुमच्यावर नजर ठेवत नाही. डबा फक्त ऐकतो, रेडिओसारखा. उपग्रहाला तुम्ही आहात हेच माहीत नसतं. तुमची जागा पुढे कोणाला तरी कळवतो तो फोन, त्यातलं ॲप, त्यातलं इंटरनेट. बाबांच्या डब्याला यातलं काहीच नाही. या आठवड्यात मी कुठे गेले ते फक्त त्याला आणि मला माहीत.

जमिनीवरचा अर्धा भाग

जागा कळली. पण कोरा कागद आणि त्यावर एक टिंब, याचा गाडी चालवताना काय उपयोग? खाली नकाशा पाहिजे.

गंमत म्हणजे गाडीतला नकाशा जीपीएसच्या आधी आला. १९८१ मध्ये होंडाने जपानमध्ये इलेक्ट्रो जायरोकेटर नावाचं यंत्र काढलं. उपग्रह नाही, काही नाही. गाडी किती वळली आणि किती चालली यावरून हिशोब, आणि स्क्रीनवर पारदर्शक नकाशाची फिल्म सरकवायची. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात ईटॅक आलं. यात नकाशे कॅसेटवर असायचे, गाण्यांच्या असायच्या तसल्या कॅसेटवर. मोठ्या शहराला एक कॅसेट पुरायची नाही, बदलावी लागायची. पण त्यांनी एक भारी युक्ती केली. हिशोबात गाडी थोडी रस्त्याबाहेर गेली की ते तिला जवळच्या रस्त्यावर ओढून आणायचे, कारण गाडी शेतातून थोडीच चालणार आहे? ही युक्ती आजही तुमच्या फोनमध्ये आहे.

ईटॅक हे नाव पॅसिफिक महासागरातल्या दर्यावर्दी लोकांच्या कल्पनेवरून घेतलंय. होडी चालवताना ते असं धरून चालतात की आपली होडी एका जागी आहे आणि बेटंच आपल्याकडे सरकताहेत. तुमच्या फोनवर निळा बाण मध्ये स्थिर असतो आणि रस्ते खाली सरकतात, बघा. तीच कल्पना.

कारखान्यातूनच जीपीएस बसवून आलेली पहिली गाडी म्हणजे १९९० मधली माझदाची युनोस कॉस्मो. म्हणजे श्रीमंतांचा खेळ. काचेला चिकटवायचे सुटसुटीत डबे २००४-०५ नंतर जगभर पसरले. ॲमस्टरडॅमच्या टॉमटॉमचा गो, गार्मिनचा नुव्ही.

ॲमस्टरडॅमवरून आठवलं. नकाशातून सगळ्यात जवळचा रस्ता शोधण्याची जी पद्धत कॉम्प्युटरवाल्यांना शिकवतात, ती त्याच शहरात जन्मली. १९५६ मध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमले आणि एका कॅफेच्या गच्चीवर कॉफी प्यायला बसले. कागद-पेन न घेता वीस मिनिटांत त्यांनी ती पद्धत मनात रचली. सेकंड इयरला व्हायव्हात मला हाच प्रश्न आला होता. मला वीस मिनिटांत तो नीट सांगताही आला नव्हता.

आता आपल्याकडचं बघू. भारतात नकाशे मोजण्याचं काम जुनं. सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ पासून आहे. पण चांगला नकाशा म्हणजे सैन्याची वस्तू, हा विचार ब्रिटिशांनंतरही बराच काळ टिकला. सीमेवरचे आणि किनाऱ्यावरचे तपशीलवार नकाशे सहज मिळायचे नाहीत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सैन्यासाठी वेगळी मालिका आणि लोकांसाठी वेगळी मालिका केली. खासगी भारतीय कंपन्यांना नकाशे बनवायची खरी मोकळीक मिळाली ती थेट १५ फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी.

म्हणजे २०१० मध्ये बाबांच्या डब्यात जे रस्ते होते, ते कोणीतरी गाडीत बसून, फिरून, एकेक करून नोंदवलेले होते. मॅपमायइंडियासारखी कंपनी हे काम १९९५ पासून करत होती. आपल्याकडे त्यात आणखी एक अडचण. परदेशात घराला नंबर आणि गल्लीला पाटी असते. आपण पत्ता सांगतो तो “मारुतीच्या देवळासमोर, पिठाच्या गिरणीला लागून”. स्वस्त डब्यात देऊळ नसायचं, गिरणी तर नसायचीच. त्याचा आवाज रेकॉर्ड केलेला, त्याला रस्त्याचं नावही उच्चारता यायचं नाही. इंग्रजीत एवढंच, की दोनशे मीटरवर डावीकडे वळा. चुकलात की, “रिकॅल्क्युलेटिंग”.

आमच्या घरी त्या आवाजाला सगळे ‘बाई’ म्हणायचे. बाबांनी वळण चुकवलं की मागच्या सीटवरून आई म्हणायची, “चिडली बघा बाई.”

बाबांची डायरी

बाबा औषध कंपनीत एमआर होते, नंतर एरिया मॅनेजर झाले. सातारा, सांगली, सोलापूर असा पट्टा. डब्याच्या आधी त्यांच्याकडे रस्त्यांची एक डायरी होती. तीही त्याच खणात सापडली. त्यात अशा नोंदी आहेत:

“दिघंची. स्टँडसमोरची गल्ली, गिरणीच्या वर पहिला मजला. दुपारी २ ते ४ डॉक्टर झोपतात.”

“फरशी पूल. पाऊस झाला असेल तर जाऊ नये. पाणी वरून जातं. मागे फिरून मोठ्या रस्त्याने यावे, १४ किमी जास्त.”

डबा आला आणि डायरी लिहिणं थांबलं. शेवटची नोंद २०१० मधलीच आहे. बाबांना डबा फार आवडायचा. रोजच्या पाठ रस्त्यावरसुद्धा ते बाईला चालू ठेवायचे. म्हणायचे, सोबत वाटते.

परीक्षेचा दिवस

२०१५. इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, केंद्र पुण्यात. माझ्याकडे फोन नव्हता, बारावी होईपर्यंत द्यायचा नाही असा घरचा नियम. बाबांकडे बटणांचा फोन. पहाटे चारला कराडहून निघालो. परीक्षेचं कॉलेज नवीन, डब्यात त्याचं नाव सापडेना. बाबांनी पत्त्यातल्या रस्त्याचं नाव टाकलं.

बाईने आम्हाला एका गल्लीच्या टोकाला नेलं. समोर भिंत. पलीकडे कुठल्याशा सोसायटीची पाण्याची टाकी. आणि बाई शांतपणे म्हणाली, तुम्ही पोहोचलात.

बाबांनी गाडी मागे घेतली. बाईने परत तिथेच आणलं. दोनदा. शेवटी इस्त्रीच्या टपरीवरच्या काकांनी रस्ता सांगितला. गेट बंद व्हायला सहा मिनिटं असताना मी आत पळाले. पेपर हातात आला तेव्हा हात थरथरत होता.

बाहेर आल्यावर मी बाबांना म्हणाले, “तुमच्या त्या डब्यामुळे माझं वाटोळं झालं.”

ते काही बोलले नाहीत. परत येताना बाई बंद होती. घरी आल्यावर डबा खणात गेला तो गेलाच. आणि त्या परीक्षेत कमी मार्क पडले ते या डब्यामुळे, असं मी कितीतरी वर्षं मानत राहिले.

एका आठवड्याचा हिशोब

आता या जूनमधल्या आठवड्याकडे परत येऊ.

सोमवारी डब्याला उपग्रह सापडायला बराच वेळ लागला. दहा वर्षं झोपलेला, वर कोण कुठे आहे हे विसरलेला. उपग्रहाचा संदेश सेकंदाला फक्त ५० बिट वेगाने येतो. सगळ्या उपग्रहांची पूर्ण यादी यायला साडेबारा मिनिटं लागतात. तुमचा फोन हीच माहिती मोबाइल नेटवर्कवरून क्षणात उचलतो, म्हणून तुम्हाला थांबावं लागत नाही. मंगळवारपासून डबाही पटकन जागा व्हायला लागला. बॅटरी मात्र गेलेली, वायर काढली की लगेच बंद. चकती कडक झालीय, बावधनच्या एका स्पीडब्रेकरला डबा माझ्या पायाशी पडला.

आणि चांदणी चौक! पुणेकरांना सांगायला नको. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या पुलाचं आणि रस्त्यांचं उद्घाटन झालं. डब्यात अजून जुना चौक आहे. मी नव्या रॅम्पवर चढले तसा स्क्रीनवरचा बाण रस्ता सोडून मोकळ्या जागेतून चालायला लागला. बाईची तारांबळ उडाली. रिकॅल्क्युलेटिंग, रिकॅल्क्युलेटिंग, दर दहा सेकंदांनी. तिने मला पाडलेल्या पुलावरून जायला सांगितलं.

मी त्या बाणाकडे बघत होते. तो अगदी बरोबर होता. मी जिथे होते तिथेच तो होता. खालचा नकाशा जुना होता.

आणि तिथे मला ती गल्ली आठवली. भिंत, पाण्याची टाकी. डबा तेव्हाही खोटं बोलला नव्हता. आम्ही जिथे होतो तिथेच तो आम्हाला दाखवत होता. कॉलेज नकाशात आलं नव्हतं, एवढंच.

जागा सांगणारा वेगळा आणि रस्ता सांगणारा वेगळा. जागा अणुघड्याळं सांगतात. रस्ता माणसं सांगतात, आणि माणसांनी सांगितलेलं जुनं होतं.

फोनवाल्यांनो, हे तुमच्यासाठी

२८ ऑक्टोबर २००९ ला गुगलने अमेरिकेत अँड्रॉइड फोनवर नेव्हिगेशन फुकट देऊन टाकलं. त्या एका दिवसात गार्मिनचा शेअर सुमारे १६ टक्के पडला. आपल्याकडे हे यायला आणखी दोन-तीन वर्षं गेली, आणि मग डबे खणात गेले. फोनने नकाशा ताजा ठेवला, ट्रॅफिक दाखवलं, कारण रस्त्यावरचे हजारो फोन आपला वेग त्याला कळवत असतात. हे मोठं काम आहे, त्यात वाद नाही. बुधवारी बाणेरजवळ मी पाऊण तास अडकले, फोनने सहज टाळलं असतं. बाईला ट्रॅफिक हा शब्दच माहीत नाही.

पण फोनमुळे आपला एक समज झालाय, की निळी रेघ म्हणजे खरा रस्ता. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री एक गाडी थेट धरणाच्या पाण्यात गेली. धरण भरलं की दरवर्षी पाण्याखाली जाणारा पूल होता तो. दोघं पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ गाडी तुटक्या पुलावरून खाली पडली आणि तिघं गेले. दोन्ही वेळा बातम्यांत आलं की ते नेव्हिगेशन बघून चालले होते. उपग्रहांची चूक नव्हती. गाडी कुठे आहे ते फोनला माहीत होतं. पूल कुठे नाही, हे माहीत नव्हतं. आणि रस्त्यावर अडवायला कोणी काही लावलेलं नसेल, तर चालवणाऱ्याने तरी काय करायचं? हा प्रश्न रस्ते सांभाळणाऱ्यांनाही विचारायला हवा.

कोतूळची बातमी परत वाचताना मला डायरीतली ओळ दिसली. पाऊस झाला असेल तर जाऊ नये. पाणी वरून जातं.

शनिवार

शनिवारी बाबांना गाडीत बसवलं आणि चांदणी चौकातून नेलं. बाई रिकॅल्क्युलेटिंग म्हणाली तसे ते हसले. मग मी सांगितलं, की तेव्हा डब्याचं काही चुकलं नव्हतं, नकाशा जुना होता.

“मला माहीत होतं की,” बाबा म्हणाले. “तेव्हाच माहीत होतं. नवीन नकाशाचे पैसे मागत होते. म्हटलं, पुढच्या वर्षी करू.”

“मग मी बोलले तेव्हा सांगितलं का नाही?”

“तू परीक्षा देऊन आली होतीस. तेव्हा काय सांगत बसायचं?”

यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. मी सॉरी म्हणाले. ते म्हणाले, समोर बघून चालव.

संध्याकाळी आम्ही लॅपटॉप उघडला. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा आहे, २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला. त्यात कोणालाही रस्ता, दवाखाना, पूल भरता येतो. पावसात पाण्याखाली जाणारा रस्ता आहे, अशीही नोंद करता येते. अनेक ॲप तो नकाशा वापरतात. मी डायरी उघडून फरशी पुलाची नोंद शोधली, नकाशावर तो ओढा शोधला आणि टाइप करायला लागले.

बाबांनी हात धरला. “थांब. ही नोंद पंधरा वर्षांपूर्वीची आहे. तिथे आता मोठा पूल झाला असेल. उगाच चुकीचं घालू नकोस.”

“मग काय करायचं?”

“बघून यायला पाहिजे. रविवारी निघू सकाळी. पाऊस नसेल तर.”

तर मंडळी, आम्ही जाऊन आलो की कळवीनच. तुमच्या गावाकडचा असा एखादा पूल, ओढा, वळण असेल, जे नकाशात नाही पण घरातल्या कोणाला तरी पाठ आहे, तर ते आधी त्यांना विचारून घ्या, आणि जमलं तर स्वतः बघून या. मग नकाशात भरा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. गाडी सावकाश चालवा.